नॉन-आयर्न, सॉफ्ट फिनिश की मर्सराइज्ड? वर्षभर घातलेल्या शर्टांचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या सुमारास ऑफिससाठी शर्ट घेतले, ते मुद्दाम वेगवेगळ्या फिनिशचे, म्हणजे सुतावर किंवा कापडावर वेगवेगळी प्रक्रिया केलेले. सगळे शंभर टक्के सुती, रंग फिकट आणि वापरही सारखाच: ठाण्याहून फोर्टपर्यंत लोकल, दिवसभर एसी, संध्याकाळी पुन्हा लोकल. धुणं घरच्या मशीनमध्ये, वाळत घालणं गॅलरीतल्या दोरीवर. उन्हाळा, पावसाळा दोन्ही काढून झाल्यावर लिहितोय, कारण दुकानात शर्ट मुठीत चुरगाळून बघताना बोटांना लागतं ते बहुतेक वेळा नुसतं फिनिश असतं. खालचं सूत कसं आहे, हे कळायला चार-सहा महिने जावे लागतात.

नॉन-आयर्नबद्दल सगळे विचारतात, म्हणून आधी तेच. इस्त्री खरंच लागत नाही का? नाही लागत, पण धुण्याची शिस्त पाळावी लागते. स्पिन कमी ठेवायचा, मशीन थांबल्याबरोबर शर्ट बाहेर काढायचा, झटकायचा, कॉलर आणि बटणपट्टी हाताने ओढून सरळ करायची आणि हँगरवरच वाळवायचा. टबात तासभर पिळून पडला तर इस्त्री फिरवावीच लागते. हे सांभाळलं तर सकाळची धावपळ खूप वाचते. संध्याकाळी गर्दीतून उतरल्यावर पाठीवर हलक्या लाटा दिसतात, पण साध्या सुती शर्टासारखा चोळामोळा होत नाही.

हे कसं जमतं ते समजून घेण्यासारखं आहे. सुती कापड चुरगळतं ते मुख्यतः पाण्यामुळे. कापसाच्या तंतूत सेल्युलोजच्या लांब साखळ्या असतात आणि हायड्रोजन बंधांनी त्या एकमेकींना धरून राहतात. घाम किंवा धुण्याचं पाणी आत शिरलं की हे बंध सुटतात, साखळ्या सरकतात आणि वाळताना सरकलेल्या जागीच पुन्हा धरल्या जातात. झाली सुरकुती पक्की. नॉन-आयर्नमध्ये कापड रेझिनच्या, म्हणजे या साखळ्यांना सांधणाऱ्या रसायनाच्या, द्रावणातून काढून वाळवतात आणि साधारण १५० ते १६० अंश सेल्सिअसला क्युअर करतात, म्हणजे तापवून ते पक्कं करतात. त्यामुळे साखळ्या एकमेकींना कायमच्या जखडल्या जातात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या न्यू ऑर्लिन्समधल्या प्रयोगशाळेत रूथ बेनेरिटो या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी यावर मोलाचं काम केलं. पॉलिएस्टरच्या लाटेत सुती कपडे बाजारात टिकले, त्यात त्या कामाचा वाटा मोठा आहे, आणि इस्त्रीपुढे रोज उभं राहणाऱ्या कुणालाही त्यांच्याबद्दल कृतज्ञता वाटावी.

पण जखडलेल्या तंतूला लवचिकपणा उरत नाही. ताण आला की साखळ्या सरकून तो वाटून घेऊ शकत नाहीत, आणि कापडाची फाटण्याला व घासण्याला तोंड देण्याची ताकद कमी होते. माझ्या आकाशी शर्टावर हे डोळ्यांनी दिसलं. कॉलर जिथे दुमडते, त्या रेषेवर आधी पांढरट रेघ उमटली. पुढे तिथे नख फिरवलं की बारीक लव लागायला लागली. आता मानेमागे दोन बोटं रुंदीचा पट्टा असा झालाय, की उभे धागे तुटलेत आणि आडव्या धाग्यांवर कापड कसंबसं धरून आहे. कफच्या कडाही तशाच. बाकीचा शर्ट मात्र नव्यासारखा! कॉलर उलटवून मिळेल का म्हणून आमच्या शिंपीकाकांना दाखवला, तर त्यांनी शिवणीचे दोन टाके उसवून परत दिला. म्हणाले, "साहेब, उसवतानाच कापड चिरतंय. मी शिवून देईन, पण तुम्ही महिन्याभरात पुन्हा याल."

आणखी दोन-तीन गोष्टी. नवा शर्ट उघडल्यावर नाकात जाणारा उग्र वास या प्रक्रियेचाच असू शकतो. नेहमीच्या रेझिनमधून थोडं फॉर्मल्डिहाइड, हे त्वचेला त्रास देऊ शकणारं रसायन, सुटतं. कापडातली घातक रसायनं तपासणाऱ्या ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० या प्रमाणपत्रात अंगाला लागणाऱ्या कपड्यांसाठी त्याची मर्यादा किलोमागे ७५ मिलिग्रॅम आहे आणि तान्ह्या मुलांच्या कपड्यांसाठी त्याहून कितीतरी कडक. त्यामुळे असा शर्ट धुतल्याशिवाय अंगात घालूच नका, आणि ज्यांना कपड्यांनी पुरळ येतं त्यांनी घेताना लेबल नीट वाचा. क्लोरीनचं ब्लीच अजिबात नको, कापड पिवळं पडून आणखी कमजोर होण्याचा धोका असतो. आणि मे महिन्यात हा शर्ट मला सोसवला नाही. जखडलेला तंतू पाण्याने फारसा फुगत नाही, म्हणून घामही कमी पितो. दादर येईस्तोवर पाठ चिकटलेली असायची.

सॉफ्ट फिनिशवाल्या चौकड्याच्या शर्टाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दुकानात लोण्यासारखा लागला होता. बाहीवर पाण्याचा थेंब टाकला तर तो शोषला न जाता तसाच उभा राहिला. हे सिलिकॉन सॉफ्टनरचं लक्षण असू शकतं. धुण्यागणिक मऊपणा ओसरत गेला, आणि बॅगेचा पट्टा घासतो तिथे आणि काखेत गोळे धरले. पुन्हा घेणार नाही.

ज्याने मला जिंकलं तो मर्सराइज्ड शर्टपीस, शिवून घेतलेला. जॉन मर्सर या इंग्रज माणसाने तीव्र कॉस्टिक सोड्याचा सुतावर होणारा परिणाम १८४४ च्या सुमारास पाहिला आणि १८५० मध्ये पेटंट घेतलं. पण त्यात कापड आटायचं. हॉरेस लो याने १८९० मध्ये सूत ताणून धरून हीच प्रक्रिया केली, तेव्हा आटणं थांबलं आणि चमक आली. चपटा, पिळलेला तंतू फुगून गोलसर होतो, म्हणून प्रकाश एकसारखा परततो, रंग खोल बसतो, शिवाय ताकदही वाढते. हा वरून चढवलेला थर नाही, तंतूच बदललेला असतो, त्यामुळे धुऊन जाण्यासारखं काही नसतं. वर्षभर घासूनही खांद्यावरची ती मंद झाक तशीच आहे, कॉलर शाबूत आहे. इस्त्री मात्र दर खेपेला हवी, तीही किंचित ओलसर असताना. महिन्याचा इस्त्रीवाल्याचा खर्च धरला तरी मला हाच परवडतो. प्रवासाच्या बॅगेत टाकायला एखादा नॉन-आयर्न ठेवेन, रोजच्याला नाही.

आणि उन्हाळ्यात खादीच्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टाला घरची खळ. साबुदाणा भरपूर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, गाळायचा, बादलीत पातळ करायचा. शर्ट उलटा करून बुडवायचा, हलका पिळून उन्हात वाळवायचा आणि पाणी शिंपडून इस्त्री करायची. कापड अंगापासून जरा सुटं राहतं, वारा लागतो, आणि पुढच्या धुण्यात खळ निघून खादी पुन्हा मऊ होते. फक्त मृगाच्या आधी असे सगळे शर्ट साध्या पाण्यातून काढून ठेवावेत. दमट कपाटात खळीच्या कपड्यांना बुरशी धरते आणि कसर लागते.