कॅसिडा ग्रीस ईपीएस २: फरसाणाच्या पाऊच मशीनला कितपत चालतं?

फुक्स कंपनीचं हे ग्रीस अ‍ॅल्युमिनियम कॉम्प्लेक्स साबण (ग्रीसला घट्टपणा देणारा घटक) आणि सिंथेटिक तेलाचं, एनएलजीआय २ म्हणजे मध्यम घट्टपणाचं, एनएसएफ या संस्थेच्या एच१ नोंदणीचं, म्हणजे चुकून खाण्याच्या मालाला लागू शकेल अशा जागी चालणारं. बेअरिंग, कॅम, स्लाइड यांना उत्तम. पाण्याला दाद देत नाही, म्हणून सॉसच्या फिलरलाही चालतं. गोंधळ होतो तो बदली करताना.

बहुतेक मशिनांत आधीचं ग्रीस लिथियमचं असतं. त्यावरच हे मारलं तर दोन्ही साबणांचं जमत नाही. मिश्रण पातळ होऊन सीलमधून गळतं आणि बोल नव्या ग्रीसला लागतो. बेअरिंग निघत असेल तर धुवा, पूर्ण कोरडं करा आणि मोकळ्या जागेच्या एक तृतीयांशच भरा. निघत नसेल तर शाफ्ट हाताने फिरवत, नवं ग्रीस स्वच्छ बाहेर येईपर्यंत गनने हळूहळू ढकला आणि बाहेर आलेलं पुसून घ्या. पुढच्या डोसचा हिशेब सोपा आहे: बाहेरचा व्यास × रुंदी (मिमी) × ०.००५ = ग्रॅम. ६२०५ नंबरच्या बेअरिंगला ५२ × १५ × ०.००५, म्हणजे ३.९ ग्रॅम. गनचे दहा स्ट्रोक काट्यावर तोलून एका स्ट्रोकचं वजन काढून ठेवा. अंदाजाने पंप मारत राहिलं की सील बाहेर येतं.

सीलिंग जॉच्या (पाऊच उष्णतेने चिकटवणाऱ्या जबड्याच्या) गाइड रॉडला हे नको. जॉ १५० अंशांच्या आसपास तापलेला असला की तेल उडतं आणि काळी खपली उरते. ड्रॉपिंग पॉइंटचा (ग्रीस वितळून थेंब पडतो त्या तापमानाचा) आकडा बघून फसू नका. तिथे पीएफपीई-पीटीएफईचं (उष्णता सोसणारं फ्लोरिनयुक्त तेल आणि टेफ्लॉनची पूड यांचं) एच१ ग्रीस लावा; महाग आहे, पण लागतं थोडंच. रॉडवर जुन्या ग्रीसचा अंशही राहता कामा नये, नाहीतर नवं ग्रीस धरतच नाही.

हमखास विसरली जाणारी जागा म्हणजे हवेच्या लाइनवरचा ल्युब्रिकेटर, म्हणजे हवेत तेल सोडणारा भाग. सिलिंडरच्या एक्झॉस्टमधून तेलाचं धुकं थेट उघड्या मालावर बसतं. तिथे एच१ नोंदणीचं, व्हीजी ३२ दाटपणाचं तेलच हवं.

साखळीला शेंगतेल लावणारेही आहेत! ते हवेने चिकट होतं, त्यात शेवेचा चुरा बसतो आणि साखळी आखडते.

एच१ म्हणजे खाण्याजोगं नव्हे. चुकून लागलं तरच सूट आहे, तीही मिनरल तेलाला १० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १० भाग). डब्यावरचा नोंदणी क्रमांक एनएसएफच्या यादीत ताडून पाहा. घ्यायचं तर कार्ट्रिजच घ्या. बादलीचं झाकण उघडं राहतं आणि बेसनाची धूळ ग्रीसमध्ये जाते.