‘जुन्या गाडीला जाडच ऑइल लागतं’ म्हणणाऱ्यांपासून सावध

जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत एक वाक्य फार चालतं : ‘साहेब, जुनी गाडी आहे, जाडच ऑइल लागतं.’ वाक्य निम्मं खरं आहे, म्हणूनच ते पचतं. त्या खऱ्या निम्म्याच्या आडून सोलापुरातल्या एका एजंटने आमच्या गळ्यात पंच्याऐंशी हजारांना जी मारुती आठशे मारली, तिची ही हकीकत. नाव लिहीत नाही, प्रकरण तक्रारीत आहे. पण ही युक्ती एकट्याची नाही, असं गॅरेजवाले सांगतात.

सासूबाई अक्कलकोटला एकट्या असतात. आठवड्याला जाणं-येणं, एसटीची वाट बघणं त्यांच्या दुखण्यात जमेना, म्हणून छोटी गाडी बघायला लागलो. आठशेच हवी हा बायकोचा आग्रह, तिच्या माहेरी होती. आता आपल्याकडची आठशे म्हटली की ती जुनी असणारच. एप्रिल २०१० मध्ये देशातल्या ज्या तेरा शहरांत पहिल्यांदा बीएस-४ चा, म्हणजे गाड्यांच्या प्रदूषणाचा, नियम लागला, त्यांत दिल्ली-मुंबईबरोबर सोलापूरही होतं. आठशे त्या नियमात बसत नव्हती, त्यामुळे इथे तिची नवी विक्री तेव्हाच थांबली. आमची २००९ ची, एमएच-१३, पासिंग २०२९ पर्यंत वाढवलेलं. आरसी आणि विमा बघितला, चॅसी नंबर ताडून पाहिला. सगळं ठीक होतं.

गाडी दाखवली एप्रिलच्या भर दुपारी. विजापूर रोडने सैफुलपर्यंत जाऊन परत आलो. इंजिनच्या वरच्या भागात टॅपेटची कटकट नाही, सायलेन्सरला धूर नाही. एजंट म्हणाला, ‘बघा की, इंजिन कसं गप्प आहे. ऑइल कालच बदललंय, चांगलं जाड टाकलंय.’ बॉनेटखाली ऑइल बदलल्याची चिठ्ठीसुद्धा चिकटवलेली होती. त्यावर किलोमीटर लिहिले होते, ग्रेड, म्हणजे ऑइलच्या जाडीचा आकडा, नव्हती.

पावसाळा लागला तशी गाडी सकाळी कुरकुर करायला लागली. स्टार्टर जड फिरायचा. इंजिन चालू झाल्यावर ऑइल प्रेशरचा लाल दिवा लगेच विझायला हवा, तो रेंगाळायचा आणि तेवढा वेळ वरच्या बाजूने कोरडी कटकट ऐकू यायची. ॲव्हरेज घसरलं. तुळजापूरला गेलो तेव्हा घाट चढताना मागच्या मोटरसायकलवाल्याने पुढे येऊन हाताने खूण केली. आरशात बघितलं तर निळसर धूर. एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी बाटलीतली ‘इंजिन ट्रीटमेंट’ आणि फुल सिंथेटिक ०डब्ल्यू-२० ऑइल असा साडेचार हजारांचा आकडा काढला. गेजला, म्हणजे ऑइल तपासायच्या पट्टीला, मात्र कुणी हात लावला नाही.

शेवटी शेजाऱ्यांच्या ओळखीने अशोक चौकाकडच्या एका मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. त्यांनी इंजिन चालूच करू दिलं नाही. गार असतानाच गेज ओढला, फडक्याने पुसला, पुन्हा बुडवून काढला आणि उभा धरला. थेंब पडेना. काकवीसारखी तार टोकाला लोंबकळत राहिली. मग दोन बोटांत चोळलं, स्वतः हुंगलं आणि हात माझ्या नाकापुढे धरला.

‘सर, वास घ्या की.’

जळक्या ऑइलचा वास मला माहीत आहे. हा वेगळा होता, गंधकासारखा, उग्र, नाकात बसणारा.

‘हे इंजिनचं नाही. थोडं असेल इंजिनचं, बाकी एकशेचाळीस नंबर. ट्रकच्या हौसिंगमध्ये टाकतात ते.’

म्हणजे ट्रकच्या मागच्या ॲक्सलच्या गिअरमध्ये घालायचं गिअर ऑइल. इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे, मलाही ती नंतर वाचूनच कळली. गिअर ऑइलचे नंबर आणि इंजिन ऑइलचे नंबर एका मापाचे नाहीत. ९० नंबरचं गिअर ऑइल १०० अंश तापमानाला साधारण ४० किंवा ५० ग्रेडच्या इंजिन ऑइलइतकंच जाड असतं, नंबर ऐकून वाटतं तेवढं नाही. १४० नंबर मात्र खरोखरच पुढचं. ५० ग्रेडचं इंजिन ऑइल १०० अंशाला २१.९ सेंटीस्टोकच्या (हे जाडी मोजायचं एकक) आत राहतं, १४० नंबर २४ च्या वरच सुरू होतं. जाडीपेक्षाही मोठा घोळ आतल्या मसाल्याचा. गिअरचे दात एकमेकांवर घासतात ते झेलायला त्यात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं असतात, त्याचाच तो वास. इंजिनात तयार होणारी काजळी धरून ठेवणारी आणि आतला भाग साफ ठेवणारी द्रव्यं त्यात नसतात.

मग टाकतात कशाला? झाकायला. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ऑइल वर चढून जळतं आणि निळा धूर येतो. बेअरिंग सैल झाली की ठोका येतो. जाड ऑइल त्या फटीत अडकून राहतं, वर कमी चढतं, आवाज दाबतं. आठ-दहा किलोमीटरच्या फेरीत काही कळत नाही. घाटात किंवा लांबच्या पल्ल्यात इंजिन पुरतं तापलं की तेही पातळ होतं आणि धूर पुन्हा दिसतो. सकाळी उलटं घडतं : एवढं घट्ट ऑइल पंपाला लवकर ओढता येत नाही आणि वर वॉल्व्ह हलवणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत पोचेस्तोवर तो भाग कोरडाच घासतो. आमचा रेंगाळणारा लाल दिवा तोच. आपल्या बेचाळीस अंशांच्या एप्रिलमध्ये ही सकाळची तक्रारसुद्धा उघडी पडत नाही. उन्हात उभ्या केलेल्या गाडीतलं ऑइल आधीच सैल झालेलं असतं. दुपारची वेळ एजंटने का दिली, ते आता लक्षात येतं.

अण्णांनी इंजिन थोडं तापवून खालच्या ऑइल चेंबरचा नट खोलला आणि सगळं काढलं. फिल्टर बदलला, साधं मिनरल १५डब्ल्यू-४० घालून गाडी थोडी फिरवली, तेही काढून टाकलं. मग २०डब्ल्यू-५० भरलं आणि इंजिनचं खरं रूप समोर आलं. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढताच आतून भकाभका धूर. ‘बॅक मारतंय,’ अण्णा म्हणाले. रिंगा गेलेल्या. उतारावर पाय काढून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला की निळा झोत, म्हणजे वॉल्व्ह सीलही गेलेले. इंजिनकाम अठ्ठावीस हजार.

एजंटकडे गेलो. त्याचं उत्तर ठरलेलं : ‘साहेब, जुन्या गाडीला जाडच ऑइल लागतं. ह्यात फसवणूक कसली?’

तर आता त्या निम्म्या खऱ्याविषयी. कॅनवर २०डब्ल्यू-५० असं लिहिलेलं असतं त्यातला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड असतानाचं वागणं सांगतो. तो जितका लहान, तितकं गारठ्यात ऑइल लवकर वाहतं. मागचा आकडा इंजिन तापल्यावरची जाडी. गाडीच्या पुस्तकात कुठल्या तापमानाला कुठली ग्रेड चालते ते दिलेलं असतं, आणि जुन्या गाड्यांच्या पुस्तकात बहुतेक एकाहून जास्त ग्रेड असतात. इंजिन जुनं झालं, थोडं ऑइल खायला लागलं, तर त्यातल्याच जाड ग्रेडकडे जाणं, चाळीसवरून पन्नासवर जाणं, हे सोलापूरच्या हवेत अगदी योग्य. जुन्या गाडीला जाड ऑइल म्हणजे एवढंच. तेही इंजिन ऑइलच हवं, आणि पुस्तकातल्या मर्यादेतलं. ५० वर जाऊनही गाडी ऑइल खातच असेल तर ते दुखणं रिंगांचं किंवा सीलचं. त्यावर ऑइल हा उपाय नाही.

०डब्ल्यू-२० चा सल्ला याच्या बरोब्बर उलट्या टोकाचा. ते १०० अंशाला ९.३ सेंटीस्टोकच्याही खाली, आजच्या बारीक फटींच्या इंजिनांसाठी केलेलं. झिजलेल्या आठशेत ते जळणार आणि गळणार, तापल्यावर लाल दिवाही लुकलुकणार. सिंथेटिक वाईट असतं असं नाही, ग्रेड चुकीची होती. दुकानदार ‘मिनरल की सिंथेटिक’ विचारतो, आपण आधी आकडा सांगावा. कॅनवरच्या अक्षरांची जुन्या गाडीवाल्यांनी फार धास्ती घेऊ नये. पेट्रोलसाठी एसजे, एसएल, एसएम, एसएन, एसपी अशी ही एपीआय या अमेरिकन संस्थेची चढती मालिका आहे, एसपी २०२० मधली. साधारणपणे नवं अक्षर आठशेसारख्या जुन्या गाडीला चालतं, जुनं अक्षर नव्या गाडीला चालवू नये. डिझेलची अक्षरं ‘सी’ने सुरू होतात. मोटरसायकलसाठी कॅनवर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ बघायचं, कारण तिचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. माझ्या पुतण्याने उरलेलं कारचं ऑइल स्प्लेंडरमध्ये ओतलं आणि क्लच घसरायला लागला, तो वेगळाच तमाशा.

बनावट मालाचा अनुभव आम्हाला आला नाही, पण अण्णा रिकाम्या कॅनला खिळा मारूनच फेकतात. नामांकित कंपनीचा धड कॅन भंगारात गेला की कुणीतरी त्यात गाळलेलं काळं ऑइल भरतो, असं त्यांचं म्हणणं. झाकणाची रिंग तुटलेली असेल, छापील किंमत आणि पॅकिंगचा महिना-वर्ष खरवडलेलं असेल तर कॅन घेऊ नका. सुटं ऑइल तर नकोच.

जुनी गाडी बघायला जाणार असाल तर सकाळी जा. ‘आम्ही यायच्या आधी चालू करू नका’ असं आदल्या दिवशीच बजावा, आणि गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. गेज स्वतः ओढा, ऑइल टपटप पडतं की तार धरतं ते बघा, वास घ्या. इंजिन तापल्यावर झाकण काढून धूर बघा. फेरी निदान तासाभराची मागा. आणि एजंटला आरटीओचा अधिकृत दाखला विचारा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांचा व्यवहार करणाऱ्यांना तो घ्यावा लागतो. आमच्याकडे डिलिव्हरी नोट होती, तिच्यावर बारीक अक्षरात ‘जशी आहे तशी’ छापलेलं. एजंट तेवढंच पुढे करतो.

तक्रार करता आली ती अण्णांमुळे. त्यांनी काढलेलं ऑइल फेकलं नाही, पाण्याच्या बाटलीत भरून दिलं, नट खोलतानाचा व्हिडिओ काढू दिला आणि काय सापडलं ते बिलावर लिहून सही केली. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, मग एजंटला वकिलाची नोटीस पाठवली. नोटीस पोचल्यावर त्याचा फोन आला : गाडी परत आणून द्या, चाळीस हजार देतो. दिली नाही. त्याने ती पुढच्याला कुठल्या ऑइलवर विकली असती, ते सांगायला नको. तक्रार आता जिल्हा ग्राहक आयोगात आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. इंजिनकामाचं बिल, व्हिडिओ आणि बॉनेटखालची ती बिनग्रेडची चिठ्ठी, सगळं जोडलंय.