सीव्ही दोन कॉलमचा की एका कॉलमचा?

शिकत असताना प्रोग्रॅमिंगच्या नोकरीसाठी अर्ज करायचा म्हटले की सीव्हीचे दोन साचे समोर येतात : बाजूला रंगीत पट्टी असलेला दोन कॉलमचा आणि वरून खाली सरळ वाचत जाण्याचा एका कॉलमचा. मी दोन्ही वापरले आहेत.

दोन कॉलमच्या साच्याची बाजू लंगडी नाही. अनुभव थोडा असतानाही पान भरलेले दिसते आणि सीव्ही थेट माणसाच्या हाती जाणार असेल, तर येणाऱ्या प्रोग्रॅमिंगच्या भाषा व साधने एका नजरेत कळतात. कौशल्यांपुढच्या टक्केवारीच्या पट्ट्या मात्र तेथेही वगळाव्यात. ‘जावा 80 टक्के’ म्हणजे नेमके किती, हे कोणालाच सांगता येत नाही.

माझा निर्णय झाला तो ऑनलाइन अर्ज भरताना. फाइल अपलोड केली की रकाने आपोआप भरले जातात. पण माझ्या महाविद्यालयाच्या रकान्यात ‘पायथन, गिट’ ही कौशल्ये येऊन बसायची, प्रोजेक्टच्या तारखा पदवीला चिकटायच्या आणि सारे पुसून पुन्हा टाइप करावे लागायचे. पीडीएफमध्ये मुख्यतः कोणते अक्षर पानावर कोठे उमटवायचे याची नोंद असते. वाचनाचा क्रम स्वतंत्रपणे नोंदलेला नसेल, तर तो समोरच्या सॉफ्टवेअरला अंदाजाने ठरवावा लागतो आणि मग शेजारच्या कॉलमांतल्या ओळी एकमेकींत मिसळू शकतात. सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवला की हा गोंधळ बहुधा लगेच दिसतो. काही सॉफ्टवेअर दोन कॉलमही नीट वाचत असतील, पण आपला अर्ज कोणत्या सॉफ्टवेअरपुढे जाणार हे आधी कळत नाही. एका कॉलमचा सीव्ही पाठवू लागल्यापासून मला हाताने दुरुस्त करण्यासारखे फार थोडे उरले.

रुंदीचा फायदा मला नंतर जाणवला. अरुंद कॉलममध्ये ‘ग्रंथालयासाठी ॲप बनवले’ एवढेच लिहिले जाते. पूर्ण रुंदी मिळाली की ‘एकच पुस्तक दोघांनी एकाच क्षणी राखून ठेवल्यास होणारी दुहेरी नोंद डेटाबेस ट्रॅन्झॅक्शन वापरून रोखली’ असे लिहायला जागा मिळते. मला मुलाखतीत अशाच ओळींवर प्रश्न आले आणि त्यांची उत्तरे देता आली, कारण ते काम मी स्वतः केलेले होते.