रॅम नंतर वाढवून देतो म्हणाले!

भाच्याला लॉजिक प्रो हे ॲपलचं संगीत बनवायचं सॉफ्टवेअर शिकायचं होतं. कॉलेजच्या एकांकिकांना तो संगीत देतो, आणि हे सॉफ्टवेअर विंडोजवर चालत नाही. घरचा असेंबल केलेला पीसी चौथ्या पिढीच्या इंटेलचा. कंपनीच्या अटींप्रमाणे त्यावर विंडोज ११ बसत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीन बदलायचंच होतं. बजेट पस्तीस हजारांच्या आत. आत्ता कमी रॅमचं घेऊ, जमेल तशी वाढवू, असा विचार होता. त्या पीसीत तेच केलं होतं: आधी ४ जीबी, मग ८, मग १६.

सेकंडहँड मॅक विकणाऱ्या दुकानदाराने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आमचाच विचार आम्हाला विकला.

त्याने आमच्यासमोर गडद करड्या रंगाची मॅक मिनी, म्हणजे ॲपलचा स्क्रीन नसलेला छोटा डेस्कटॉप, खालून उघडली. आतली रॅमची पट्टी काढून दाखवली, परत बसवली. "काका, बघा, लॅपटॉपसारखीच आहे. पाहिजे तेव्हा या, टाकून देतो." मग म्हणाला, या मॉडेलपेक्षा नवीन घ्या, ॲपलच्या स्वतःच्या एम१ चिपची, डबा तोच आहे, फक्त रंग चंदेरी. आणि रॅमचे भाव चढतायत, तर आत्ताच साडेचार हजार भरून पट्टी बुक करा.

डबा खरंच तोच आहे. लांबी-रुंदी-उंची सारखी. पण करडी मिनी २०१८ ची, इंटेलची. तिच्यात डीडीआर४ रॅमच्या दोन पट्ट्या बसतात, ६४ जीबीपर्यंत. चंदेरी मिनी २०२० ची. तिची रॅम चिपच्याच पॅकेजवर असते. पट्टी नाही, खाचच नाही. ८ जीबीची घेतली की ती कायमची ८ जीबीची. हे त्या माणसाला माहीत नव्हतं असं मी मानत नाही. रोज स्क्रू ड्रायव्हर चालवणारा माणूस तो.

आम्ही ८ जीबीची चंदेरीच घेतली, पट्टीचे पैसेही भरले. वाद्यांच्या मोठ्या लायब्ररी, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजांचे संच, लोड केल्यावर प्रोजेक्ट अडखळायला लागला, तेव्हा आम्ही पट्टी मागायला गेलो. आता उत्तर वेगळं होतं: "यात बोर्डच बदलावा लागतो." बोर्डाचा भाव ऐकून भाचा नुसता हसला. बिलावर 'सेकंडहँड मिनी, वापरलेली, परत घेतली जाणार नाही' एवढंच. रॅमबद्दल अक्षर नाही. साडेचार हजारांची मात्र यूपीआयची नोंद होती, आणि पट्टी मिळेल असा त्याचा व्हॉट्सॲप मेसेजही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली तेव्हा तेवढे पैसे परत आले. मशीन आमच्याकडेच राहिलं.

विंडोजवरून येणाऱ्यांनी दुकानात डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करून 'अबाउट धिस मॅक' उघडावं. तिथे 'चिप' लिहून पुढे एम१, एम२ असं काही दिसलं, तर रॅम वाढणार नाही, समोरचा काहीही म्हणो. मग इंटेलची उघडणारी मिनी घ्यावी का? मी घेणार नाही. २०१८ च्या मिनीला टाहो ही मॅकओएस (मॅकची ऑपरेटिंग सिस्टीम) मिळत नाही, आणि इंटेलवर चालणारी टाहो हीच शेवटची मॅकओएस, असं ॲपलनेच सांगितलंय.

एम१ मिनीत वाढवता येते ती फक्त साठवण, तीही बाहेरून. आम्ही लायब्ररी बाहेरच्या एसएसडीवर हलवल्या, डिस्कची जागा सुटली, रॅमची अडचण तशीच. त्यामुळे पैसे रॅमला द्या, डिस्क २५६ जीबीची चालते. २०२४ ची एम४ मिनी १६ जीबीपासूनच सुरू होते. भारतात आली तेव्हा ५९,९०० रुपयांना होती, विद्यार्थ्यांना दहा हजार कमी. तेवढं जमत नसेल तर १६ जीबीचीच जुनी एम१ शोधा. आणि पैसे देण्याआधी तिथेच, वायफाय जोडून, ती पूर्ण इरेज करायला लावा. सुरू होताना 'रिमोट मॅनेजमेंट' असा पडदा आला तर ते मशीन अजून कुठल्यातरी संस्थेच्या नावावर आहे. दुकानदार "त्याचं नंतर बघू" म्हणाला, तरी घेऊ नका.