मधुमेही मांजराची साखर मोजणे आणि इन्सुलिन देणे : कोणासाठी कोणता मार्ग?

मांजराला मधुमेह असल्याचे निदान झाले की पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: घरी साखर कशी मोजायची आणि कोणते इन्सुलिन कशाने टोचायचे. दुसरी गोष्ट बहुतेक वेळा पशुवैद्यच ठरवतात. पहिली मात्र घरच्यांवर येऊन पडते आणि गोंधळ तिथेच सुरू होतो, कारण साखर मोजण्याची साधने जणू एकमेकांना पर्याय आहेत अशा थाटात समोर मांडली जातात. लघवीची पट्टी, कानाला टोचून केलेली तपासणी, अंगावर चिकटवायचा सेन्सर आणि प्रयोगशाळेत होणारी फ्रुक्टोसामाइनची चाचणी यांतून वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे मिळतात, त्यामुळे आपला प्रश्न कोणता हे आधी ठरवले, तर निवड बरीच सोपी होते.

सुरुवात दवाखान्यातल्या आकड्यापासून करू. निरोगी मांजराची साखर साधारण ७० ते १५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते (पुढे सगळीकडे हेच एकक धरले आहे, मिलिमोल प्रति लिटरमध्ये आकडा हवा असल्यास १८ ने भागावे). परंतु पिंजऱ्यात घालून आणलेले, अनोळखी हातांनी दाबून धरलेले मांजर इतके घाबरते की मधुमेह नसतानाही त्याची साखर ३०० च्या पुढे जाऊ शकते. मांजराला दिवसभर दवाखान्यात ठेवून दर दोन तासांनी रक्त तपासण्याची आणि त्यावरून डोस ठरवण्याची पद्धत त्यामुळे कागदावर दिसते तितकी भरवशाची नाही, शिवाय अशा दिवशी अनेक मांजरे नीट खातही नाहीत. घरी, नेहमीच्या जेवणावर आणि नेहमीच्या कोपऱ्यात बसलेल्या मांजराचा आलेख मला अधिक विश्वसनीय वाटतो, मग तो काढणारा हात थोडा थरथरत असला तरी.

लघवीची पट्टी सर्वांत सोपी असते, कारण मांजराला हातही लावावा लागत नाही. पण मांजराचे मूत्रपिंड रक्तातील साखर साधारण २५० ते ३०० च्या घरात गेल्याखेरीज ती लघवीत सोडत नाही. म्हणजे पट्टीचा रंग बदलला नाही, तर साखर १८० आहे की ४० हे काहीच कळत नाही, आणि इन्सुलिन देणाऱ्या माणसाला खरी भीती असते ती त्या ४० ची. शिवाय लघवी मूत्राशयात कित्येक तास साठलेली असते, त्यामुळे दिसणारा रंग आत्ताचा नसून गेल्या काही तासांचा असतो. लघवीच्या साखरेवरून इन्सुलिनचा डोस वाढवणे मी धोक्याचे मानतो. तरीही या पट्ट्या घरात असाव्यात, पण त्या कीटोन (इन्सुलिनअभावी शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागले की तयार होणारी आम्लधर्मी द्रव्ये) तपासण्यासाठी. मधुमेही मांजराने खाणे सोडले, ते उलट्या करू लागले किंवा मलूल होऊन पडले, तर कीटोनची पट्टी काही मिनिटांत सांगते की त्याला आत्ताच दवाखान्यात न्यायला हवे.

फ्रुक्टोसामाइनबद्दल थोडक्यात सांगता येईल. रक्तातील प्रथिनांना चिकटलेली साखर मोजणारी ही चाचणी मागच्या साधारण एक ते दोन आठवड्यांची सरासरी दाखवते आणि मांजराच्या घाबरण्याचा तिच्यावर परिणाम होत नाही. सरासरीत चढउतार लपतात हा तिचा दोष. सकाळी ४०० आणि दुपारी ५० असे झोके घेणाऱ्या मांजराचा निकालही त्यात बरा दिसू शकतो. थायरॉईड वाढलेल्या मांजरात ही चाचणी मुळातच कमी आकडा दाखवते, हेही ध्यानात ठेवावे.

आता खरी तुलना उरते ती ग्लुकोमीटर आणि सेन्सर यांची.

ग्लुकोमीटर एकाच प्रश्नाचे उत्तर देतो, पण तो प्रश्न दिवसातून दोनदा समोर येतो: आत्ता इन्सुलिन देणे सुरक्षित आहे का? लागणारे रक्त अगदी थोडे असते, काही मीटरना ०.३ मायक्रोलिटरसुद्धा पुरते. कानाच्या बाहेरच्या कडेने एक बारीक शीर जाते. टोचायचे ते शिरेत नव्हे, तर शीर आणि कानाची कड यांच्या मधल्या अरुंद पट्टीत. कोमट पाण्यात भिजवून पिळलेला रुमाल मिनिटभर कानावर धरला, मग कान कोरडा करून कडेला व्हॅसलिनचा पुसट थर दिला आणि मागे कापसाची घडी ठेवून टोचले, तर रक्त केसांत पसरत नाही. ते मण्यासारखे वर उभे राहते आणि पट्टीचे टोक लावताच आत ओढले जाते. आमच्या मांजरीच्या बाबतीत पहिल्या तीन दिवसांत अकरा पट्ट्या वाया गेल्या. पुढे मात्र तपासणीनंतर खाऊ मिळतो हे तिच्या इतके अंगवळणी पडले की मीटरचा डबा उघडल्याचा आवाज येताच ती स्वतःहून येऊन बसू लागली.

मीटर माणसांचा घ्यावा की प्राण्यांचा, हा प्रश्न हमखास विचारला जातो. माणसाच्या रक्तात साखरेचा बराच वाटा, सुमारे ४२ टक्के, लाल पेशींत असतो. मांजरात तो सुमारे ७ टक्केच असतो आणि बाकीची साखर रक्तद्रवात असते. माणसांच्या रक्तासाठी जुळवलेला मीटर म्हणून मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. अल्फाट्रॅकसारख्या प्राण्यांच्या मीटरमध्ये ही दुरुस्ती आधीच केलेली असते, अर्थात मांजरासाठीची सेटिंग निवडलेली असेल तरच. रोजच्या वापराला माणसांचा मीटरही चालतो, मात्र दोन अटी पाळाव्यात: एकच मीटर कायम ठेवावा आणि तो कोणता आहे हे पशुवैद्याला सांगून ‘इन्सुलिनच्या आधी साखर किती असली तर डोस द्यायचा नाही’ ही मर्यादा त्याच मीटरच्या हिशेबाने लिहून घ्यावी. एका मीटरचा आकडा दुसऱ्या मीटरच्या मर्यादेला लावला, तर तुलना फसते.

सेन्सरचे काम निराळे आहे. माणसांसाठी तयार झालेला फ्रीस्टाइल लिब्रे मांजरांवरही पुष्कळ वापरला जातो. पाठीवरचे किंवा कुशीवरचे केस काढून तो चिकटवला जातो आणि त्याचा बारीक तंतू कातडीखालच्या द्रवातील साखर दर काही मिनिटांनी मोजत राहतो. डोस दिल्यापासून किती तासांनी साखर तळाला जाते, रात्री दोन वाजता काय होते, बारा तास पुरे होण्याआधीच इन्सुलिनचा असर संपतो का, हे सेन्सर दाखवतो. कान टोचून हे कळायला दर दोन तासांनी उठावे लागेल. आमच्या मांजरीची साखर सहाव्या तासाला सर्वांत खाली येते असे गृहीत धरून आम्ही त्या वेळी तपासत होतो, पण सेन्सर लावल्यावर तो तळ नवव्या तासाला असल्याचे दिसले आणि आमच्या वहीतील महिन्याभराच्या नोंदींचा अर्थच बदलला.

त्याच्या मर्यादाही ठसठशीत आहेत. चौदा दिवसांसाठी बनवलेला सेन्सर मांजराच्या अंगावर पुष्कळदा त्याआधीच सुटतो किंवा बंद पडतो. कातडीखालच्या द्रवातील साखर रक्ताच्या मागून धावते, त्यामुळे साखर झपाट्याने उतरत असताना पडद्यावर दिसणारा आकडा जुना असू शकतो. ४० च्या खाली तो आकडा न देता नुसते ‘लो’ दाखवतो, आणि मांजर सेन्सरवर रेलून झोपले तरी खोटा कमी आकडा येऊ शकतो. जुन्या पिढीच्या सेन्सरमध्ये फक्त आठ तासांची नोंद टिकते. तेवढ्या अवधीत फोन किंवा रीडर सेन्सरजवळ नेऊन स्कॅन केले नाही, तर मधला आलेख कोरा राहतो. म्हणून सेन्सर लावला तरी ग्लुकोमीटर हाताशी असावा आणि शंकास्पद कमी आकडा कान टोचून पडताळावा, असे माझे मत आहे. सतत सेन्सर लावण्यापेक्षा उपचार सुरू झाल्यावरचे पहिले दोन आठवडे आणि नंतर डोस किंवा आहार बदलण्याची वेळ, एवढ्यापुरता तो वापरणे पुरेसे ठरते.

इन्सुलिनच्या निवडीकडे वळू. मांजरांसाठी प्रामुख्याने तीन प्रकार वापरात आहेत. ग्लार्जिन हे माणसांचे दीर्घकाळ चालणारे इन्सुलिन असून बाटलीत ते आम्लधर्मी आणि पाण्यासारखे स्वच्छ असते. कातडीखाली गेल्यावर त्याचे सूक्ष्म कण बनतात आणि ते हळूहळू विरघळत राहतात. म्हणूनच ते पातळ करायचे नसते आणि दुसऱ्या इन्सुलिनमध्ये मिसळायचेही नसते. प्रोटामिन झिंक इन्सुलिन खास मांजरांसाठीही मिळते आणि त्याचाही असर बराच लांबतो. डुकराच्या इन्सुलिनपासून बनवलेले लेंटे लवकर आणि जोरात काम करते, पण अनेक मांजरांत बारा तास पुरे होण्याआधीच ओसरते. परिणामी दुपारी साखर खोल जाते आणि संध्याकाळी पुन्हा चढते. निवडीला वाव असेल, तर मांजरासाठी पहिल्या दोहोंपैकी एक मागावे. तिन्ही प्रकार सर्वसाधारणपणे बारा-बारा तासांनी, जेवणाच्या वेळी दिले जातात आणि सुरुवातीचा डोस बहुधा एका युनिटच्या आसपास असतो.

इन्सुलिनपेक्षा सिरिंजमध्ये होणारी चूक अधिक घातक असते. प्रोटामिन झिंक आणि लेंटे ही मांजरांची इन्सुलिने सहसा यू-४० असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. ग्लार्जिन सहसा यू-१०० असते. यू-१०० इन्सुलिन यू-४० च्या सिरिंजमध्ये एकाच्या खुणेपर्यंत भरले, तर मांजराला एक नव्हे, अडीच युनिट जाते. उलट गोंधळ झाला, तर जेमतेम ०.४ युनिट मिळते आणि ‘डोस लागूच पडत नाही’ असे वाटून तो उगाच वाढवला जातो. यू-४० च्या सिरिंजला बहुधा लाल टोपण असते आणि यू-१०० ला नारिंगी, पण टोपणावर न विसंबता नळीवरचा आकडा वाचावा. यू-१०० साठी ०.३ मिलिलिटरची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली सिरिंज घ्यावी.

पेन हाताळायला सोपे वाटते, पण माणसांची बहुतेक पेने पूर्ण युनिटच्या टप्प्यांनीच डोस देतात. मांजराचा डोस एकवरून दीडवर नेणे हा मोठा बदल असतो, तो पेनवर थेट दोनवर जातो. शिवाय बटण दाबल्यावर सुई काही सेकंद आतच ठेवावी लागते आणि तेवढा वेळ मांजर स्थिर राहीलच असे नाही. अर्ध्या युनिटचे पेन मिळत नसेल, तर सिरिंजच बरी.

गोळी किंवा द्रवरूप औषधाचा मार्गही आता उपलब्ध आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मांजरांसाठी बेक्साग्लिफ्लोझिनला डिसेंबर २०२२ मध्ये आणि वेलाग्लिफ्लोझिनला ऑगस्ट २०२३ मध्ये मान्यता दिली. दिवसातून एकदा दिले जाणारे हे औषध मूत्रपिंडातून साखर लघवीवाटे बाहेर काढते. सुई टळते हे आकर्षण मोठे आहे, परंतु ते अन्यथा धडधाकट असलेल्या आणि पूर्वी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांसाठी आहे. त्यातली मेख अशी की या औषधावर असताना रक्तातील साखर जवळजवळ सामान्य असूनही शरीरात कीटोन साठून कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्त आम्लधर्मी होण्याचा प्राणघातक विकार, होऊ शकतो. म्हणजे इथे ग्लुकोमीटर भाबडा ठरतो आणि कीटोनची तपासणी मुख्य होते. सुईची भीती हे एकच कारण असेल, तर आधी पशुवैद्यासमोर दोनदा टोचून पाहावे. कुशीवरची कातडी चिमटीत उचलून तंबूसारख्या झालेल्या घडीत ही बारीक सुई गेल्याचे बशीत तोंड घातलेल्या मांजराला बऱ्याचदा कळतही नाही. त्यामानाने कानाला टोचलेले त्याला अधिक जाणवते.

इन्सुलिन केसांतच सांडले अशी शंका आली, तर पुन्हा डोस देऊ नये. बारा तास साखर चढी राहिलेली परवडते. डोस जास्त झाला, तर मांजर लडखडते, गुंगते, त्याला झटकेही येऊ शकतात. अशा वेळी हिरड्यांवर साखरेचा पाक चोळून तत्काळ दवाखाना गाठावा. झटके येत असताना तोंडात काही ओतू नये. कमी कर्बोदकांचा ओला आहार सुरू केल्यावर इन्सुलिनची गरज काही दिवसांतच घटू शकते आणि काही मांजरांना ते पुढे लागतही नाही, म्हणून आहार बदलताना मोजमाप वाढवावे.

उरला प्रश्न कानाला हातच लावू न देणाऱ्या मांजराचा. आठवडाभर न टोचता, जेवणाच्या आधी नुसता कान चोळून खाऊ द्यावा. तेही चालत नसेल, तर पुढच्या पंजाच्या मोठ्या गादीच्या कडेला टोचून पाहावे, तिथूनही थेंब मिळतो. दोन्ही साधले नाही, तरच सुरुवातीला सेन्सर, नंतर काही महिन्यांनी फ्रुक्टोसामाइन आणि मधल्या काळात पाणी पिण्याच्या, लघवीच्या व वजनाच्या रोजच्या नोंदी, असा मार्ग पशुवैद्याशी बोलून ठरवावा. डोस मात्र मग जरा हात राखूनच वाढवावा लागतो.