किविक्स, स्टोरीविव्हर आणि शाळेचं कपाट: खानदेशातल्या शाळांसाठी परीक्षण

धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातली शाळा असो की जळगाव शहरातली, ‘डिजिटल लायब्ररी’ म्हणून दारात येणारा माल बहुधा एकाच साच्याचा असतो. एक मोठा पडदा, एक पेनड्राइव्ह आणि त्यावर ‘हजारो पुस्तकं’. पेनड्राइव्ह उघडला की बरेचदा वाकडी स्कॅन केलेली, स्वामित्वहक्क अजून चालू असलेली पुस्तकं निघतात. शाळेच्या शिक्क्याखाली ती वाटणं म्हणजे विकतचं दुखणं. त्याच कामासाठी कायदेशीर आणि फुकट साधनं आहेत. त्यांतल्या दोनांचं हे सविस्तर परीक्षण आहे, बाकीच्यांवर धावती नजर. कसोटी एकच: नेट गेलं, वीज गेली, तर मुलाच्या हातात वाचायला काय उरतं?

स्टोरीविव्हर हे प्रथम बुक्स या मुलांची पुस्तकं काढणाऱ्या ना-नफा प्रकाशनसंस्थेचं संकेतस्थळ २०१५ सालापासून चालू आहे. इथली चित्रकथांची पुस्तकं खुल्या परवान्याची आहेत. उतरवा, छापा, भाषांतर करा, वाटा. अट इतकीच की लेखक, चित्रकार आणि परवान्याची माहिती काढून टाकायची नाही. पुस्तकांच्या चार पातळ्या आहेत. पहिलीत अडीचशेपेक्षा कमी शब्द, दुसरीत सहाशेपर्यंत, तिसरीत दीड हजारापर्यंत, त्यापुढची चौथी. पहिली-दुसरीच्या वर्गाला पहिली पातळी आणि सातवीला चौथी असा हिशेब कागदावर छान दिसतो, पण घरी अहिराणी, भिलोरी किंवा पावरी बोलणारं तिसरीतलं मूल प्रमाण मराठीच्या पहिल्या पातळीवरही अडखळतं. म्हणून कपाटावर इयत्ता न लिहिता पातळीच लिहावी.

इथला खरा दोष भाषांतरांचा आहे. कुणीही भाषांतर करून टाकू शकतं, त्यामुळे मराठी यादीत उत्तम पुस्तकांच्या शेजारी हिंदी वाक्यरचनेवर मराठी शब्द चिकटवलेली पुस्तकंही सापडतात. प्रकाशकाची गाळणी लावून आधी प्रथम बुक्सची स्वतःची पुस्तकं घ्यावीत. बाकीचं प्रत्येक पुस्तक कुणीतरी मोठ्याने वाचून पाहिल्याशिवाय मुलांपर्यंत जाऊ देऊ नये. एका पुस्तकाला पाच-सात मिनिटं लागतात. शंभर पुस्तकांचे तास मोजा, म्हणजे या फुकट साधनाची किंमत कळेल. पावरी भाषेतली पुस्तकंही इथे आहेत, शिरपूर-धडगाव पट्ट्यातल्या शाळांनी ती आधी पाहावीत. अहिराणीसाठी मात्र स्वतः हात चालवावा लागेल. परवाना मोकळा असल्यामुळे ‘मुलगी’च्या जागी ‘आंडेर’ लिहून पुस्तक छापायला कुणाची परवानगी लागत नाही. फक्त त्या मजकुरात बदल केला आहे हे शेवटच्या पानावर नमूद करायचं.

पुस्तक उतरवायला खातं लागतं, ते मोफत आहे. टॅबसाठी कमी रिझोल्यूशनची पीडीएफ पुरते, छपाईसाठी जास्त रिझोल्यूशनची घ्यावी. उलट केलं तर टॅब अडकतो आणि छापलेली चित्रं धुरकट येतात. छापताना पीडीएफ वाचकातला ‘बुकलेट’ पर्याय निवडायचा. सोळा पानांचं पुस्तक चार ए-फोर कागदांवर दोन्ही बाजूंनी बसतं. कागद उलटवण्याची बाजू ‘शॉर्ट एज’ ठेवायची, नाहीतर मागची पानं डोक्यावर उभी राहतात. पहिल्या खेपेला हमखास हेच होतं. पानांची संख्या चारने भागली जात नसेल तर कोरी पानं शेवटी येतात. तिथे मुलांना चित्र काढू द्यावं. पंचाहत्तर जीएसएमच्या (कागदाच्या जाडीचं माप) कागदावर मागचा रंग पुढे दिसतो, शंभरचा घ्यावा. मधोमध टाचायला लांब हाताचा स्टेपलर लागतो. तो नसेल तर सुई-दोरा, तीन भोकं. इंक टँकवाल्या प्रिंटरची शाई मे महिन्याच्या सुट्टीत सुकून हेड बंद पडतं, तेव्हा सुट्टीतही आठवड्याला एक रंगीत पान काढायची जबाबदारी कुणावर तरी टाकलेली असावी.

किविक्स ही निराळी चीज आहे. विकिपीडियासारखी अख्खी संकेतस्थळं ‘झिम’ नावाच्या एका फाइलीत बांधून मिळतात आणि किविक्स ती नेटशिवाय उघडतं. मराठी विकिपीडिया, मराठी विकिस्रोत (स्वामित्वहक्कातून मोकळ्या ग्रंथांचा संग्रह), फेटचे पडद्यावर करून पाहायचे विज्ञान-गणिताचे प्रयोग हे सगळं त्यांच्या यादीत आहे. इंग्रजी विकिपीडिया चित्रांसह शंभर जीबीच्या वर जातो, त्याच्या नादी शाळेने लागू नये. विकिस्रोत मात्र जरूर ठेवावा. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलेल्या साने गुरुजींचं निधन १९५० सालचं, त्यामुळे त्यांचं लेखन २०११ पासून स्वामित्वहक्कातून मोकळं आहे. खानदेशातल्या मुलांना ते नेटशिवाय आणि निर्धास्तपणे देता येतं.

मांडणीसाठी नवीन यंत्र लागत नाही. संगणक कक्षातला चौसष्ट-बिट विंडोजचा जुना संगणक आणि एक साधा वायफाय राउटर पुरतो. राउटरला नेटचं कनेक्शन नसलं तरी चालतं. झिम फाइल तालुक्याच्या गावी, शक्यतो टॉरेंटने उतरवावी, म्हणजे मध्येच तुटली तर पहिल्यापासून सुरुवात नाही. पेनड्राइव्हवर घेताना चार जीबीच्या वरची फाइल कॉपी होत नसेल, तर ड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा, अर्थात आतला माल आधी काढून घेऊन. किविक्सची झिप पूर्ण सोडवूनच प्रोग्रॅम चालवायचा. झिपच्या आतूनच दोनदा टिचकी मारली की चुका येतात आणि दोष संगणकाला जातो. मग मेन्यूतून ‘लोकल किविक्स सर्व्हर’ सुरू केला की एक पत्ता मिळतो. राउटरला जोडलेल्या कोणत्याही टॅबच्या ब्राउझरमध्ये तो टाकला की ग्रंथालय समोर.

इथून पुढे बिघाडांची रांग लागते, आणि पाहावं तर कारणं तीच ती. पत्ता उघडत नाही: विंडोजच्या फायरवॉलने अडवलं आहे, परवानगी द्यायची. काल उघडत होता, आज नाही: राउटरने संगणकाला नवा पत्ता दिला, म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये तो पत्ता कायमचा राखून ठेवायचा. संगणकावर दिसतं पण टॅबवर नाही: राउटरमध्ये ‘क्लायंट आयसोलेशन’ (जोडलेल्या यंत्रांना एकमेकांपासून तोडणारी सेटिंग) चालू आहे, किंवा पाहुण्यांचं नेटवर्क वापरलंय. फोन ‘इंटरनेट नाही’ असं सांगून स्वतःच मोबाइल डेटावर उडी मारतो: डेटा बंद करायचा. अर्ध्या तासाने सगळं थंड: संगणक झोपला, स्लीप ‘कधीच नाही’वर ठेवायचं. हा परिच्छेद छापून राउटरच्या वर चिकटवला तर तंत्रज्ञाला बोलवायच्या निम्म्या फेऱ्या वाचतील.

रास्पबेरी पाय (पुढे नुसतं ‘पाय’) हा तळहाताएवढा संगणक वापरून हेच छोट्या डबीत बसवता येतं, वीजही नगण्य लागते. पण खानदेशात त्याच्याबद्दल जपून बोलावं लागतं. ८० अंशांना पोचला की पाय आपला वेग कमी करतो. भुसावळ-जळगावच्या उन्हात, पत्र्याखालच्या खोलीत, बंद कपाटात ठेवलेला पाय तिथे लवकर पोचतो. पंखा आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा) दोन्ही हवेत, आणि जागा कपाटाबाहेरची. पाय-४ ला पाच व्होल्ट, तीन अँपिअरचा पुरवठा लागतो. मोबाइलचा चार्जर लावला की पडद्यावर विजेचं चिन्ह येतं आणि डबी मधूनच गप्प होते. वीज अचानक गेली की मेमरी कार्ड खराब होण्याची भीती असते, तेव्हा छोटा यूपीएस आणि कार्डाची एक तयार प्रत जवळ असावी. शिवाय पायचं स्वतःचं वायफाय वर्गभर टॅबचा भार सोसत नाही. राउटर वेगळाच घ्यावा. ज्या शाळेत हे सांभाळणारं माणूस नाही तिने जुन्या संगणकावरच थांबावं. आणि वळवाचा पाऊस गडगडू लागला की राउटर असो वा पाय, प्लग भिंतीतून काढायचा.

शोध घेणं मुलांना शिकवावं लागतं. किविक्सला मराठी प्रत्यय कळत नाहीत. ‘केळीच्या’ टाकलं तर ‘केळी’ असलेले लेख हाती लागतीलच असं नाही. प्रत्यय काढून मूळ शब्द टाका, हा धडा व्याकरणाच्या तासालाच घेता येईल. सामान्यरूपाचा याहून चांगला उपयोग क्वचितच सापडेल. आणखी एक: मराठी विकिपीडियावर कित्येक गावांचे लेख दोन-तीन ओळींचेच आहेत. ‘माझा तालुका’ प्रकल्पासाठी मूल तिथे गेलं तर रिकाम्या हाती परतेल. त्यासाठी जिल्ह्याचे गॅझेटियर आणि गावातले म्हातारे बरे.

सुट्या पीडीएफ किविक्स दाखवत नाही, हे आधी कुणी सांगत नाही. स्टोरीविव्हरची पुस्तकं आणि ई-बालभारतीची मोफत पाठ्यपुस्तकं त्याच संगणकावर एका फोल्डरात ठेवून पायथॉन या संगणकभाषेसोबत येणारा साधा एचटीटीपी सर्व्हर लावावा, म्हणजे तो फोल्डर टॅबच्या ब्राउझरमध्ये उघडतो. फाइलच्या नावात आधी पातळी, मग क्रमांक, मग पुस्तकाचं नाव टाकलं की यादी आपोआप लागते.

दीक्षा या सरकारी शिक्षण अॅपबद्दल थोडक्यात. पाठ्यपुस्तकातला क्यूआर पुसट झाला असेल तर त्याखालचा सहा अक्षरांचा संकेत टाइप करून तोच धडा उघडतो. व्हिडिओ वर्गात नव्हे, आदल्या दिवशी उतरवून ठेवायचे. राष्ट्रीय पुस्तक न्यासाचं राष्ट्रीय ई-पुस्तकालय वयोगटाप्रमाणे पुस्तकं देतं, निवड चांगली आहे, पण नेट चांगलं असलेल्या शाळेलाच त्याचा उपयोग.

उरली कपाटातल्या छापील पुस्तकांची नोंद. कोहा ही न्यूझीलंडमध्ये जन्मलेली खुली ग्रंथालय-प्रणाली महाविद्यालयाला शोभते. दोन हजार पुस्तकांच्या शाळेने लिनक्स सर्व्हर आणि मार्कचे (ग्रंथनोंदीचा ठरीव नमुना) रकाने सांभाळत बसू नये. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेच्या ‘ई-ग्रंथालय’ प्रणालीची चौथी आवृत्ती नेटवरून चालते, म्हणजे नेट गेलं की देवघेव थांबली. अर्धवेळ ग्रंथपाल असलेल्या किंवा हे काम एखाद्या शिक्षकाच्याच गळ्यात पडलेल्या शाळेला साधी स्प्रेडशीट पुरे: दाखल क्रमांक, नाव, लेखक, पातळी, कपाट, कुणाकडे, कधी. कागदी दाखल नोंदवही मोडीत काढायची नाही; तपासणीला तीच लागते.

स्प्रेडशीट भरताना अक्षरांनी दगा दिला तर सगळी मेहनत वाया जाते. जुनी यादी कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फाँटांत असेल तर ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी, नाहीतर दुसऱ्या संगणकावर नुसती खिचडी दिसते. बदलल्यावर ‘ऱ्य’ तपासावा. ‘दऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी लिहिला जातो, दिसायला दोन्ही सारखे, पण एकाने शोधलं तर दुसरा सापडत नाही. एक पद्धत ठरवून ‘शोधा आणि बदला’ने सगळीकडे तीच करून घ्यावी, आणि हे बार्कोडची चिठ्ठी चिकटवण्याच्या आधी.