खाऱ्या हवेत जुनी जीप की जिप्सी?

गावच्या घराला लागून पत्र्याची शेड आहे, वेल्डिंगला माणूस मिळतो, हाताशी थोडा पैसा आहे आणि जुनी फोर-बाय-फोर स्वतः उभी करायची हौस आहे, असा कोकणातला माणूस फिरूनफिरून दोनच गाड्यांपाशी येतो: महिंद्राची जुनी जीप नाहीतर मारुतीची जिप्सी. मी देवगड तालुक्यातला. माझ्या शेडमध्ये महिंद्राची डिझेल जीप एमएम ५४० आहे. चुलतभावाची जिप्सी किंग तिच्याच शेजारी उघडली होती आणि तिच्यावरही माझा बराच हात फिरला. पुढचं सगळं या दोन गाड्यांच्या जोरावर लिहितो आहे. तुमची हवा, तुमचा मेस्त्री आणि तुमच्या वाट्याला येणारी गाडी वेगळी असेल, हे धरून वाचा.

चर्चा नेहमी इंजिनावर सुरू होते, तर ते आधी संपवू. इंजिन म्हणून जिप्सीचं सरस आहे, यात मला शंका नाही. किंगचं तेराशे सीसीचं इंजिन मारुतीच्याच एस्टीम मोटारीच्या घराण्यातलं, त्यामुळे सुटे भाग मिळतात, आवाज कमी, हात हलका. एमएम ५४० मधलं प्यूजोचं एक्सडीपी ४.९० हे २११२ सीसीचं डिझेल त्याच्यापुढे संथ आणि खडखडं वाटतं. पण किनाऱ्यावर राहणाऱ्याला एक सोय आहे जी पुण्या-मुंबईच्या माणसाच्या लक्षात येत नाही. हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण, जिथे म्हणून ट्रॉलर लागतात तिथे डिझेलचा मेस्त्री असतोच. नोझल तपासणं, पंपाला हात घालणं, हेडखालचं गॅस्केट बदलणं हे त्याचं रोजचं काम. माझ्या इंजिनाचं बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग कोल्हापूरच्या उद्यमनगरात झालं, बाकी सगळं जेटीवरच्या मेस्त्रींनी घरी येऊन केलं. २००० नंतरची एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी सेन्सर आणि कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी जिप्सी असेल तर वायरिंगचा प्रत्येक जोड उघडून बघावा लागतो. खाऱ्या हवेत तांब्यावर हिरवट थर चढतो, सेन्सर चुकीचं सांगू लागतो आणि गाडी कधी नीट चालते, कधी चालत नाही. असा अधूनमधून येणारा दोष घरच्या शेडमध्ये पकडणं फार जिकिरीचं.

कार्ब्युरेटरवाल्या जिप्सीला ती भानगड नाही, पण तिला पेट्रोलची आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. कामं अर्धवट राहिलेली गाडी जून ते सप्टेंबर एका जागी उभी राहणार, हे आपल्याकडे ठरलेलंच. टाकी रिकामी करून कार्ब्युरेटरचा कप कोरडा केला नाही तर दसऱ्याला आत पांढरा गाळ सापडतो. जुने रबरी पाइप तर आधीच बदलून टाका. हाच मुद्दा महिंद्राच्या त्याहून जुन्या पेट्रोल जीपला, सीजे-३बीलाही लागू होतो.

सीजे-३बीचा विषय निघालाच आहे तर कायद्याचं सांगतो. केंद्राने २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली गाडी त्यात बसते, तिला ‘व्हीए’ अक्षरांची नंबरप्लेट मिळते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि नोंदणी दहा वर्षांसाठी. जिप्सी बाजारात आलीच १९८५ च्या शेवटाला, म्हणजे तिला हे दार अजून बरीच वर्षं बंद आहे. एमएम ५४० लाही बंदच. जुनी सीजे-३बी मात्र बसू शकते, फक्त अट अशी की चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं. आपल्याकडच्या बहुतेक सीजेंचं मूळ हरिकेन पेट्रोल इंजिन काढून केव्हाच डिझेल बसवलेलं असतं, तेव्हा पैसे देण्याआधी आरसी बुकातला इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी लावून बघा. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. बाजारहाटाला न्यायची असेल तर विंटेजचा नाद सोडा आणि साधी नोंदणी नूतनीकरण करून घ्या.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. माझा निर्णय इंजिनावर झाला नाही, किमतीवरही नाही. तो दोन पत्र्यांच्या मधल्या जागेवर झाला.

जिप्सीची बॉडी मोटारीसारखी बांधलेली आहे. दाराखालची सिल, पुढच्या चाकावरचा आतला भाग, काचेच्या चौकटीचा तळ, मागचे कोपरे, जिथे ताकद हवी तिथे दोन पातळ पत्रे एकमेकांवर बसवून आत पोकळी ठेवलेली. कारखान्यात ही रचना उत्तम. पण वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि उरलेले आठ महिने खारा वारा, अशा ठिकाणी त्या पोकळीत मीठ बसतं, मीठ ओल धरून ठेवतं आणि गंज आतून बाहेर येतो. रंगावर काही दिसायला लागतं तोवर आतलं काम झालेलं असतं.

चुलतभावाची गाडी दिसायला देखणी होती, गडद हिरवा रंग, हुडही नवं. डाव्या दाराखाली मटाराएवढा एक फुगवटा होता, तेवढंच. मी स्क्रू-ड्रायव्हर टेकवून जरा दाब दिला आणि पातं दांड्यापर्यंत आत गेलं. बाहेर काढलं तसे तांबडे-काळे पापुद्रे आणि ओलसर वाळू भोकातून सुटू लागली, ती बराच वेळ थांबेना. शेजारी उभे असलेले जेटीवरचे मेस्त्री वाकले, भोकात बोट घातलं आणि म्हणाले, “ह्यो पत्रो आतसून गेलेलो आसा.” सिल कापली तर मागे आणखी एक पत्रा, तोही चाळणी. तो कापला तर फ्लोअरची कड. तिच्यापाशी बॉडी माउंटचा, म्हणजे बॉडी चॅसीला जोडणारा कंस, त्यातला बोल्ट पाना लावताच तुटला. कापायला लागलो की धड पत्रा कुठे लागतो तेच कळत नाही.

एवढ्यावर मी थांबलो नसतो. कापायचं, नवा तुकडा लावायचा, हे काम मला आवडतं. खरा त्रास पुढे आहे. बंद पोकळीवर नवा पत्रा वेल्ड केला की त्या उष्णतेने आतल्या बाजूचा प्रायमर जळतो, तोही नेमका जोडावर. बाहेरून तुम्ही घासाल, इपॉक्सी माराल, रंग द्याल. आत हात जात नाही, ब्रश जात नाही, डोळाही जात नाही. म्हणजे सगळ्यात कच्चा भाग उघडा ठेवून पोकळी कायमची बंद करायची. झिंकचा वेल्ड करण्याजोगा प्रायमर आधी मारून बघितला, नंतर भोकातून नळी घालून मेणाचा फवारा दिला. फरक पडतो, ते नाकारत नाही. तरी दुसऱ्या पावसाळ्यानंतर सिलच्या पाणी निघायच्या भोकाखाली शेडच्या कोब्यावर तपकिरी ओघळ उमटला. कोरड्या मुलखात हीच दुरुस्ती कदाचित पंधरा वर्षं टिकेल. इथे ती किती टिकेल, हे मला छातीठोक सांगता येणार नाही, आणि ज्या कामावर मी इतका जीव लावणार त्याबद्दल असं अंधारात राहणं मला सोसत नाही.

जीपची बॉडी बहुतांशी एकपदरी आहे. फ्लोअर खाली झोपून बघा, वरून बघा, तोच पत्रा. चाकावरचा भाग, बाजूच्या भिंती, मागचं फळकं, कुठेही दोन्ही बाजूंना हात पोचतो. पत्राही जिप्सीपेक्षा जाड. मी अठरा गेज वापरला आणि आमच्या वाडीतल्या खिडक्यांच्या ग्रिल करणाऱ्या माणसाने आपल्या बेंडिंग मशीनवर तो वळवून दिला, कारण जीपला वळणं अशी नाहीतच, सगळा सपाट कारभार. त्याच्याकडे साधं आर्क वेल्डिंग. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की जिप्सीच्या पातळ पत्र्याला कधी टाका धरत नाही तर कधी भोक पडतं. जिप्सीला सीओटू वेल्डिंगच हवं, म्हणजे गॅसच्या आवरणात बारीक तारेने होणारं. जीपचा पत्रा आर्क सहन करतो, हात सराईत असेल तर.

जीपमध्ये लपलेल्या जागा अजिबात नाहीत असं नाही. फ्लोअरखाली ताकदीसाठी यू आकारात वळवलेले चॅनल आडवे जोडलेले असतात, त्यांच्या आत चिखल बसतो आणि फ्लोअर तिथूनच जातं. सीजे-३बीची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली खड्ड्यात बसते, त्या खड्ड्याचं पाणी निघायचं भोक बुजलं की तळ गेलाच म्हणून समजा. पण चॅनल त्यांचे स्पॉट वेल्डचे टाके ड्रिल करून सोडवता येतात, नवे वळवून, आतून पुरते रंगवून, सीलंट लावून बोल्टने बसवता येतात. माझे मी बोल्टवरच ठेवले आहेत. मूळ पद्धत ती नव्हे, पण दर दोन-चार वर्षांनी खोलून बघता येतात. चॅसीचंही तसंच. जीपची बऱ्याच भागात उघड्या सी-चॅनलची, त्यामुळे गोड्या पाण्याचा फवारा मारून, वायरब्रशने घासून साफ होते. जिप्सीची पेटीसारखी बंद. तिच्यावर हातोडीने हलके ठोकत जा, विशेषतः मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) कंसांजवळ, आणि आवाज कुठे बदलतो ते ऐका. खणखणीत आवाज बसका झाला की आत काय आहे ते कळतं.

चालवायला कोणती बरी, याचं उत्तर घरातली माणसं देतील. जुलैमध्ये फोंडा घाट उतरताना जिप्सीतला माणूस हार्डटॉपखाली कोरडा असतो, जीपमधला गुडघ्यापर्यंत भिजतो. किंगला पुढे डिस्क ब्रेक आहेत, ते ओढ्यातून बाहेर आल्यावर लगेच धरतात. जुन्या जीपच्या ड्रमना पाणी लागलं की चार वेळा पाय मारून सुकवावे लागतात. जीपच्या स्टेअरिंगचा प्ले कितीही काढला तरी थोडा राहतोच. आईला देवळात न्यायचं, मुलांना कणकवलीला सोडायचं, असा वापर असेल तर मी जिप्सीवाल्याशी वाद घालणार नाही. पाट्या दोघींनाही आहेत, तेव्हा कंबरेचा प्रश्न दोन्हीकडे सारखा.

जिप्सीच घ्यायची ठरली तर एक करा, किनाऱ्यावर वाढलेली घेऊ नका. नंबर बघा. एमएच ०६, ०७, ०८ म्हणजे रायगड, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, आपल्याच हवेतली. एमएच १३ सोलापूर किंवा एमएच ११ साताऱ्याची गाडी मिळाली तर तिच्या पोकळ्या बऱ्याच अंशी कोरड्या निघतील. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या जिप्सी इकडे येतात, हवेच्या दृष्टीने त्या उत्तम, फक्त एनओसी हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका. अशी धड गाडी मिळाली तर तिला कापू नकाच, पहिल्याच दिवशी प्रत्येक पोकळीत मेण भरा. बघायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. तो जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे.

जीप घेत असाल तर पत्रा कितीही गेलेला चालेल, तो करता येतो. बघायचं ते चॅसी नंबर स्पष्ट वाचता येतो का, आणि ट्रान्स्फर केसचं (चारही चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचं) फोर-लो, म्हणजे चढाचिखलासाठीचा संथ गिअर, पडतं का. या दोन गोष्टी शेडमध्ये घडवता येत नाहीत. बाकी सुटे भाग मुंबईत कुर्ल्याला हिंडलात तर मिळतात, आणि आख्खी नवी बॉडी हवी तर हरियाणातल्या मंडी डबवालीहून येते. मला विचाराल तर जुनी बॉडी जमेल तितकी राखावी, पण तो ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग.

कामाचा क्रम दोन्ही गाड्यांना एकच लागतो आणि तो पावसावर बांधावा लागतो. दिवाळीनंतर बॉडी उतरवा, आधी गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, कारण मिठावर घासकाम केलं तर मीठ पत्र्यातच रगडलं जातं. शिमग्यापर्यंत पत्राकाम आणि वेल्डिंग संपवा. घासून पांढरा केलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी पिवळा दिसतो, म्हणून दिवसभरात जेवढ्या भागावर इपॉक्सी प्रायमर मारता येईल तेवढाच भाग सकाळी घासायला घ्या. रंग एप्रिलमध्ये, ऊन तापल्यावर आणि संध्याकाळचा खारा वारा सुटायच्या आत. मे महिना जोडणीला ठेवा. मृग लागल्यावर रंगाचं काम काढू नका, मेस्त्री कितीही म्हणाला तरी. ते चार महिने इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेकची कामं शेडमध्ये निवांत होतात.